खालच्या खणातला झगा

विहीणबाईंचा फोन आला तेव्हा लॉरेन होल्गेट दाताच्या दवाखान्यात खिडकीमागे बसून पेशंटांची नावं लिहून घेत होती. वीस वर्षं ती तेच करत आली होती, आणि फोनवर गोड बोलण्यात तिचा हात धरणारं सबंध बर्न्लीत कोणी नव्हतं. पण मार्गोबाईंचा आवाज कानावर पडला की तिची जीभ जड व्हायची. मुलीचं, बेथनीचं, लग्न मार्गोच्या मुलाशी, टोबीशी, सप्टेंबरात होतं. म्हणजे विहीण अजून अर्धीच झाली होती, आणि अर्धी विहीण पुऱ्या विहिणीपेक्षा अवघड असते, कारण तिच्यापुढची परीक्षा अजून चालू असते.

"आमच्या घराला दीडशे वर्षं झाली बरं का," मार्गो म्हणाली. "जुलैच्या पहिल्या रविवारी दुपारी सगळ्यांना बोलावतोय. राणी व्हिक्टोरियाच्या काळातले कपडे घालून यायचं. आम्ही दोघं जमीनदार. टोबीचे मामा पाद्री. आणि लॉरेन, तुम्ही ना, गिरणीतल्या बाईच व्हा. तुम्हाला काय, घरातच असेल सगळं."

हे शेवटचं वाक्य लॉरेनला दिवसभर टोचत राहिलं. त्यात वाईट काही नव्हतं, हीच पंचाईत होती. मार्गो मनाने सरळ बाई होती. तिला वाटलं ते तिने सांगितलं. पण पहिल्या भेटीत, चेशायरच्या त्या मोठ्या घरात, चांदीच्या चिमट्याने साखर घेताना लॉरेनने सांगितलं होतं की आई कापडाच्या व्यवसायात होती. आई कापडगिरणीत चार साचे, म्हणजे माग, चालवायची, हे नंतर बेथनीने जेवता जेवता सांगून टाकलं. पोरगी मोकळ्या तोंडाची. कुणी काही बोललं नाही, पण तेव्हापासून लॉरेनला त्या घरात आपण चोरीच्या मालासकट पकडले गेलो आहोत असं वाटत असे.

तिने आधी भाड्याच्या पोशाखांचं दुकान गाठलं. जमीनदारणीचा निळा रेशमी झगा अंगात चढवला तर पाठीमागचे हूक लागेनात, आणि दुकानातली मुलगी फार सहानुभूतीने बघू लागली. तिथून बाहेर पडताना लॉरेनने ठरवून टाकलं. गिरणीतली बाई तर गिरणीतली बाई. पण अशी अस्सल, की बाकीचे सगळे नाटकातले वाटले पाहिजेत. सर्वांत चांगल्या पोशाखाला बक्षीस होतं, आणि ते बक्षीस मार्गोच्या हातून, तिच्या सगळ्या गोतावळ्यादेखत घ्यायचं, हे तिच्या डोक्यात बसलं.

शनिवारी ती नेहमीप्रमाणे विनी मावशीकडे गेली. विनिफ्रेड शटलवर्थ, लॉरेनच्या आईची थोरली बहीण, वय शहाऐंशी. नवरा नाही, मूल नाही, जे काही होतं ते लॉरेन आणि बेथनी. कंबरेचं हाड मोडल्यापासून पलंग खाली पुढच्या खोलीत आणला होता आणि वरच्या मजल्यावर मावशी दोन वर्षांत गेली नव्हती. कान तर तिने कधीच गिरणीला देऊन टाकले होते. साचेखात्यात इतका खडखडाट असायचा की तिथे कुणाला कुणाचा आवाज ऐकूच यायचा नाही. सगळ्या बाया नुसत्या ओठांनी बोलायच्या, आणि पाच साच्यांपलीकडची बाई काय म्हणते ते ओठांवरून वाचायच्या. ती सवय जन्माची. एकदा रस्त्याच्या पलीकडून जाणारा पाद्री बायकोला मावशीच्या टोपीबद्दल काहीतरी म्हणाला, तर मावशीने अलीकडून, "तुमच्या टकलापेक्षा बरी आहे," असं ऐकवलं होतं. लॉरेनलाही लहानपणापासून ही बोली यायची. आई आणि मावशी तिच्या डोक्यावरून बिनआवाजी गप्पा मारायच्या, आणि त्यात आपल्याला काय काय कळतं हे तिने पुष्कळ दिवस कळू दिलं नव्हतं.

"गिरणीतली बाई?" लॉरेनच्या ओठांकडे बघत मावशी म्हणाली. तिला हसू आलं. "आणि तो विहिणीपुढे पास होण्याचा पोशाख आहे, की नापास होण्याचा?"

"मौज आहे गं मावशी. सगळेच काहीतरी होणारेत."

"मग वर जा. कपाटात माझ्या आईची शाल आहे. पलंगाखाली तिचे लाकडी तळव्याचे बूट. ॲप्रन दुसऱ्या खणात आहे, धुतलेला. हवं ते घे. पण इस्त्री करून घाल. एवढासा डाग दिसला असता ना अंगावर, तर आईने उंबऱ्यावरून परत फिरवलं असतं आम्हाला. गरिबाला मळकं राहणं परवडत नाही, म्हणायची."

खालच्या खणाबद्दल मावशी काही बोलली नाही. त्या घरात ते सांगावं लागत नसे.

वर बंद खोलीचा वास होता. शाल मिळाली, बूट मिळाले; बुटांच्या तळाला लोखंडी नाल होते, अजून घट्ट. ॲप्रनही मिळाला. लॉरेनने तो आरशासमोर अंगाला लावून पाहिला आणि तिची निराशा झाली. खळ दिलेला, पांढरा शुभ्र. कंबरेपाशी कधीतरी फाटला होता, पण रफू इतका बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. गिरणीतली बाई कसली, नर्स दिसत होती ती. आणि ॲप्रनच्या आत घालायला काय, हा प्रश्न होताच. तिच्या स्वतःच्या कपड्यांत नायलॉनवाचून काही नव्हतं.

तिने खालचा खण ओढला.

निळ्या कागदात बांधलेलं एक पुडकं होतं. पांढरं पिवळं पडू नये म्हणून निळा कागद. आत लांब बाह्यांचा, पायघोळ, धुवट मांजरपाटाचा झगा, गळ्याशी सात बारीक चुण्या. त्याच्याखाली पांढरे मोजे, एक उशीचा अभ्रा, आणि मोज्याच्या टोकात गुंडाळलेल्या दोन मोठ्या जुन्या पेन्या, तांब्याची नाणी.

इथे लॉरेनची बाजू घेऊन काही सांगावं असं फार वाटतं, पण सांगण्याजोगं काही नाही. तिला माहीत होतं. त्या गल्लीत प्रत्येक घरी असा एक खण असायचा. घरातलं माणूस गेलं तर त्याला काय घालायचं ते धुऊन, इस्त्री करून, आधीच ठेवलेलं. घरात खायला नसलं तरी तो खण भरलेला असायचा. पेन्या कशासाठी ते तिला माहीत होतं. मिटलेल्या पापण्यांवर ठेवायला. आणि त्या सात चुण्याही तिने पूर्वी पाहिल्या होत्या. एकोणीस वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मावशीने दार लावून, कुणाला आत न घेता, बहिणीला स्वतः तयार केलं होतं. लॉरेन खाली लोकांना चहा देत होती. मग वर जाऊन तिने पाहिलं तर आई शांत पडली होती आणि गळ्याशी सात चुण्या होत्या.

गिरणी बंद झाली त्या आठवड्यात मावशीने आपल्या साच्यावरचा शेवटचा तुकडा मागून घेतला होता. आईने त्याचे दोन झगे शिवले, एक स्वतःला, एक बहिणीला, आजीच्या जुन्या बेतावरून. त्यातला एक जमिनीखाली गेला. दुसरा हा.

लॉरेन गुडघ्यांवर बसून त्याच्याकडे बघत राहिली. मग ती स्वतःशी म्हणाली, हल्ली असं कोण करतं? सगळं अंत्यविधीवालेच बघतात. मावशीला तरी आठवत असेल का? एका दुपारपुरता तर पाहिजे. हे सगळं तिने इतकं भराभर म्हणून घेतलं की मध्ये दुसरं काही शिरायला जागाच राहिली नाही. पेन्या तिने परत मोज्यात घातल्या, मोजे खणात ठेवले, खण लावला, आणि झगा शालीच्या आत गुंडाळून खाली आली.

"मिळालं का सगळं?" मावशीने विचारलं.

"मिळालं," लॉरेन म्हणाली, आणि कधी नव्हे ती दोन मिनिटांत निघाली.

झगा जसाच्या तसा घालायचा, असाच तिचा आधी बेत होता. पण अंगात घालून आरशात पाहिलं तर ती चर्चमध्ये गाणारी पोर दिसायला लागली. इतकं स्वच्छ कुणाला खरं वाटणार? ॲप्रन तर तिने कधीच बाजूला टाकला होता. नाटकाच्या कपड्यांविषयीचं एक पुस्तक तिने वाचनालयातून आणलं होतं. त्यात लिहिलं होतं, कपड्यांना गरिबी कशी आणावी: चहात भिजवावं, कोपरांवर काचकागद घासावा, काठ कापू नयेत, फाडावेत. लॉरेनने बादलीभर कडक चहा केला आणि झगा त्यात बुडवला. सकाळी तो ओल्या पोत्याच्या रंगाचा झाला होता. मग काचकागद. मग काठ. मांजरपाट काही केल्या फाटेना. मावशीच्या हातची वीण होती ती. शेवटी तिने दात लावले, आणि एकदा सुरुवात झाल्यावर तो टर्रकन वीतभर फाटत गेला. तो आवाज झाला तेव्हा ती थांबली. थांबायला उशीर झाला होता.

बुधवारी बेथनीचा फोन आला. "आई, मी मावशीआजीला पण आणतेय पार्टीला. मार्गोने बोलावलंय. मी आणीन गाडीतून."

"तिला कशाला उगीच त्रास?" लॉरेन घाईने म्हणाली. "तिला ऐकू येत नाही, कंटाळेल ती."

"तिला विचारलं मी. म्हणाली, जमीनदार बघायचेत."

लॉरेनने त्या रात्री दुसरं काही घालता येईल का म्हणून सगळं कपाट उपसलं. काही नव्हतं. खरं म्हणजे फोन करून ताप आला म्हणून सांगता आलं असतं. पण बक्षिसाचं वेड डोक्यात बसलं होतं, आणि शाल होती. शाल खालपर्यंत घट्ट लपेटली तर आतलं काही दिसत नाही, हे तिने आरशासमोर चार वेळा करून पाहिलं.

रविवारी ऊन असं पडलं की चेशायरातल्या गाईसुद्धा झाडांखाली उभ्या होत्या. मार्गोच्या हिरवळीवर साठेक माणसं जमली होती. उंच टोप्यांचे जमीनदार, फुगीर परकरांच्या बाया, आणि त्यांच्याहून जास्त गरीब. वकील, डॉक्टर, कोणी बँकवाला, सगळ्यांनी तोंडाला काजळी फासली होती आणि चिंध्या पांघरून हातात दारूचे ग्लास धरले होते. मावशीला हिरवळीच्या टोकाला सावलीत खुर्ची दिली होती. तिने आपला निळा, चांगल्यातला पोशाख घातला होता, छातीवर पिन, हातात हातमोजे.

"आणि तुम्ही कोण झालात?" धुराडी साफ करणारा झालेल्या एका गृहस्थाने वाकून विचारलं.

"मी विनिफ्रेड शटलवर्थ," मावशी म्हणाली. मग तिने बेथनीला तिच्या बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं, "ह्या लोकांकडे पाणी येत नाही का गं?"

लॉरेन शाल हनुवटीपर्यंत ओढून मावशीपाशी गेली. कपाळावरून घाम निथळत होता.

"शाल बरोबर घेतलीयेस," मावशी म्हणाली. "पण उकडत असेल. काढ की."

"नको. बरं वाटतंय," लॉरेन म्हणाली, आणि लाकडी बूट खटखटवत लांब निघून गेली. मावशीच्या कौतुकाच्या नजरेला तोंड देण्यापेक्षा अनोळखी माणसांत उभं राहणं सोपं होतं.

चार वाजता मार्गोने चमचा ग्लासवर वाजवला. बक्षीस. लॉरेन मागे सरकत होती, पण टोबीच्या मामांनी तिला हाताला धरून पुढे आणलं. "ह्या बघा, ह्यांचे बूट बघा," ते म्हणाले. मार्गो टाळी वाजवत आली. "लॉरेन, कमाल केलीत तुम्ही. पण आत काय आहे ते तरी दाखवा," असं म्हणत तिने प्रेमाने, पाहुण्याचा कोट उतरवून घ्यावा तशी, तिच्या खांद्यावरची शाल काढून घेतली.

लोक पुढे आले. मार्गोने चहाच्या रंगाची बाही दोन बोटांत धरली, फाटलेला काठ उचलून सगळ्यांना दाखवला. "हे खरं," ती म्हणाली. "आपण सगळे आपले दुकानातून आलोय. हे बघा कसं विटलंय. कुठे मिळालं हो तुम्हाला?"

आता दोन शब्द पुरले असते. आईने शिवलंय. एवढं म्हटलं असतं तरी कितीतरी वाचलं असतं. पण साठ माणसं बघत होती, आणि आईने शिवलंय म्हटलं की पुढचं सगळं आलं: कुणासाठी, कशासाठी, मग असं का केलंत. लॉरेनचा दवाखान्यातला गोड आवाज आपोआप बाहेर पडला.

"कुठलं काय. जुन्या सामानाच्या दुकानात मिळालं. कोणीतरी म्हातारी मेली म्हणे, तिच्या घरातून निघालेल्या चिंध्या. टाकूनच देणार होते."

लोक हसले. मार्गोने जॅमच्या बाटल्यांची टोपली तिच्या हातात दिली. आणि हसणाऱ्या डोक्यांच्या मधून लॉरेनला समोर, चाळीस पावलांवर, सावलीतली खुर्ची दिसली.

ती मावशीचे कान लक्षात ठेवून बोलली होती, डोळे विसरली होती.

मावशी ताठ बसली होती. तिची नजर लॉरेनच्या तोंडावरून हळूहळू खाली आली, गळ्याशी थांबली, सात चुण्यांवर, मग बाहीवर, मग फाटलेल्या काठावर. तिथून ती परत वर यायला फार वेळ लागला. लॉरेनला वाटलं, आता ती तिच्या त्या मोठ्या आवाजात काहीतरी म्हणेल आणि सगळं घर ऐकेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे वाटत राहिलं. पण मावशीने आवाज काढला नाही. तिचे फक्त ओठ हलले, साच्यांपलीकडून बोलायची तसे, मोठे आणि स्पष्ट, तिथे एकट्या लॉरेनला कळतील असे.

"शाल घे अंगावर."

लहानपणी फ्रॉक मागून वर गेला की मावशी असंच सांगायची, चारचौघांत, कुणाला कळू न देता. लॉरेनने मार्गोच्या हातातून शाल जवळजवळ हिसकावून घेतली. त्या उन्हात ती थंडीने कापत असल्यासारखी दिसली असणार, कारण कुणीतरी तिला खुर्ची आणून दिली.

परतीच्या वाटेवर बेथनी गाडी चालवत होती आणि एकटीच बोलत होती. मावशी मागे बसली होती. लॉरेनसमोर, काचेच्या वर, उन्हासाठीची झडप होती, तिला आतून छोटा आरसा. त्यात मागचं माणूस दिसायचं. मावशी काही बोलत असली तर त्यात तिचे ओठ दिसले असते. लॉरेनने झडप वर ढकलून दिली आणि बर्न्ली येईपर्यंत टोपलीतल्या जॅमच्या बाटल्या मोजत बसली.

त्यानंतरचा आठवडा तिने त्या झग्यापायी घालवला. रात्री भिजवला, सकाळी मोठ्या पातेल्यात सोडा घालून उकळला, नीळ दिली, वाळवला, परत उकळला. मांजरपाट मऊ होत गेला, पण चहा सुटेना. आधी पोत्याचा रंग होता, मग जुन्या कागदाचा, मग नुसती एक पिवळट छटा राहिली, आणि ती तिथेच ठाण मांडून बसली. कोपरापाशी कापड विरलं होतं, उजेडाला धरलं की पलीकडची बोटं दिसायची. काठाला तिने स्वतः टाके घातले. ते बघून तिलाच रडू आलं. आई-मावशीच्या हाताखाली वाढून तिला धड एक रफू येत नव्हता. शनिवार आला आणि गेला, ती मावशीकडे गेली नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. पुढच्या शनिवारीही तिने शेजारणीला फोन करून, दवाखान्यात काम आहे असं मावशीला कळवायला सांगितलं. लाज अशी होती की ती जेवतानाही शेजारी बसायची, झोपतानाही.

तिसऱ्या शनिवारी ती दोन पुडकी घेऊन गेली. एकात झगा. दुसऱ्यात मँचेस्टरच्या मोठ्या दुकानातून आणलेला नवा, पांढरा, गळ्याला लेस.

मावशी खिडकीशी बसली होती. तिने मान वर केली.

"ये," ती म्हणाली. "मेलेल्या म्हातारीला आधी चहा कर."

लॉरेनने चहा केला. तो मावशीच्या हाताशी ठेवून तिने पुडकी तिच्या मांडीवर ठेवली. मावशीने आधी नवीन उघडलं, कापड अंगठ्याने चोळून पाहिलं.

"कुणी विणलंय?"

"ते काय माहीत, मावशी. चांगलं सुती आहे. महागातलं."

"मग राहू दे," मावशी म्हणाली, आणि ते पुडकं नीट बांधून खाली ठेवलं.

मग तिने दुसरं उघडलं. झगा तिने खिडकीकडे धरला, कोपर बोटाने चाचपलं, काठावरचे टाके बघितले.

"चहा?"

"हो."

"किती वेळ?"

"रात्रभर."

"दूध नव्हतं ना घातलंस?"

लॉरेनला हसायचं होतं, मावशीने त्यासाठीच ते म्हटलं होतं. पण ओठ वाकडे झाले आणि हसू आलं नाही.

"गळ्याला हात नाही लावलास," मावशी म्हणाली. "चुण्या आहेत तशाच."

"नाही. खालीच फाडला."

"ते बरं केलंस." ह्यात टोमणा असता तर सोसला असता. टोमणा नव्हता. मावशी एकेका चुणीवरून बोट फिरवत होती, सातच्या सात. "मी हाच घालणार, लॉरेन. हे तुझे टाके उसवून मी नीट रफू करीन, डोळे आहेत तोवर. डाग राहतो तर राहू दे. पण मला एक सांग. तिकडे तुझी आई असेल. मी गेले की ती आधी माझ्याकडे नाही बघायची, झग्याकडे बघेल. तिची सवय तुला माहीत आहे. विचारेल, विने, अगं हे काय झालं. मग मी तिला काय सांगू?"

लॉरेन उठली. तिला खोलीतून जायचं होतं, पण पाय दारापर्यंत गेले नाहीत; ती कपाटाशी गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आणि तिथे, भिंतीला, तिने सगळं सांगितलं. की मला माहीत होतं, खण उघडला तेव्हाच माहीत होतं. की पेन्या मी परत ठेवल्या, म्हणजे मला माहीत होतंच. की मला त्या बाईच्या हातून बक्षीस घ्यायचं होतं. की तुम्ही दोघी कोण होतात हे सांगायची मला लाज वाटायची, पहिल्या दिवसापासून, आणि आता त्या लाजेची लाज वाटते. की माफ कर. हे शेवटचं तिने दोनदा म्हटलं, आवाज फुटेपर्यंत.

जरा वेळाने काठीचं टोक तिच्या बुटाला हळूच लागलं.

"भिंतीला काय सांगत बसलीस," मावशी म्हणाली. "तोंड इकडे कर आणि बोल. मला काही दिसलं नाही."